वाटेवरच्यांचा वाटा : 'द एक्स्पान्स' आणि आपण



'द एक्स्पान्स' ही मालिका जानेवारी २०२२ मध्ये संपली. तरी आपल्यापैकी कुणी ना कुणी ती नव्याने बघायला घेतं, आणि दरवेळी त्याच दोन प्रतिक्रिया कानावर येतात. पहिली कौतुकाची: "अहो, साडी नेसलेली बाई चक्क पृथ्वीचा कारभार बघते!" दुसरी तक्रारीची: "त्या मार्को इनारॉससारख्या दहशतवाद्याचं एवढं समजून कशाला घ्यायचं?" माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया मूळ मुद्द्याला बगल देतात. मी शॅननला राहतो, इथल्या फ्री झोनमध्ये नोकरी करतो. या गावाचा इतिहास थोडा चाळला की मालिकेतलं राजकारण भलतंच ओळखीचं वाटायला लागतं. तेच इथे मांडतो. (ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी सावध राहा, पुढे शेवटापर्यंतचं कथानक फुटणार आहे!)

आधी थोडी पार्श्वभूमी. जेम्स एस. ए. कोरी या एकाच टोपणनावाने डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक हे दोघे लिहितात. त्यांच्या कादंबऱ्यांवर ही मालिका बेतलेली आहे. पहिले तीन सीझन 'सायफाय' वाहिनीवर झाले, २०१८ मध्ये तिने हात वर केले, चाहत्यांनी आरडाओरडा केला आणि पुढचे तीन ॲमेझॉनने केले. काळ साधारण साडेतीनशे वर्षांनंतरचा. पृथ्वीवर तीन हजार कोटी माणसं, त्यातल्या कित्येकांना कामच नाही, सरकारी शिध्यावर जगतात. मंगळ स्वतंत्र झालेला, लष्करी शिस्तीचा, आपल्या ग्रहावर हवा-पाणी खेळवायचं शंभर वर्षांचं स्वप्न उराशी धरून बसलेला. आणि त्यांच्यापलीकडे 'बेल्ट', म्हणजे लघुग्रहांचा पट्टा. तिथले लोक खाणीत राबतात, बर्फ वाहून आणतात, गोद्या चालवतात.

या बेल्टमधलं मोठं बंदर म्हणजे सेरेस. पहिल्याच भागात एक जण चौकात उभा राहून ओरडून सांगतो, की सेरेसवर एकेकाळी पिढ्यान् पिढ्या पुरेल एवढं बर्फ होतं, ते पृथ्वी आणि मंगळाने खरवडून नेलं. आता सेरेसच्या लोकांना पाणी रेशनवर मिळतं आणि तेही शनीच्या कड्यांमधून जहाजाने आणावं लागतं. असंच बर्फ आणणारं 'कँटरबरी' नावाचं जहाज कुणीतरी उडवतं आणि तिथून युद्धाला तोंड फुटतं. लक्षात घ्या, भांडणाची सुरुवात धर्मावरून नाही, वंशावरून नाही, पाण्यावरून आहे. पुढे अँडरसन स्टेशनची हकीगत कळते. तिथल्या खाणकामगारांच्या मुलांना पुरेसा प्राणवायू मिळत नव्हता, मुलांचे मेंदू कायमचे अधू झाले, म्हणून बापांनी स्टेशन ताब्यात घेतलं. ते शरण येत असतानाही त्यांना मारलं गेलं. हवा, पाणी आणि वाहतूक, या तिन्हींचे दर दुसरीकडे कुठेतरी ठरतात. माझ्या मते मालिकेचा गाभा हा आहे. प्रोटोमॉलेक्यूल वगैरे नंतर.

आता त्या साडीबद्दल. क्रिसजेन अवसरला हे पात्र शोहरे अगदाश्लू यांनी केलंय. नाव तेलुगू, अभिनेत्री इराणमध्ये जन्मलेली, शिव्या आंतरराष्ट्रीय :-) बाई जबरदस्त आहे यात वाद नाही. पण तिची ओळख आपल्याला कशी होते आठवतंय? पहिल्याच भागात न्यूयॉर्कमध्ये ती एका बेल्टरची चौकशी करते. त्याला हात लावावा लागत नाही. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात नुसतं टांगून ठेवलं की झालं. कमी गुरुत्वात वाढलेली त्याची हाडं, त्याची फुप्फुसं हा भार पेलू शकत नाहीत, पृथ्वीचं वजनच त्याला छळतं. आपण "आपली बाई" म्हणून टाळ्या वाजवतो तेव्हा ती या खोलीत उभी असते. मान मिळाला तो राज्य करणाऱ्यांच्या बाजूचा मिळाला. यावर खूश व्हायचं की अस्वस्थ व्हायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी अस्वस्थ झालो.

आता शॅननकडे येतो. "कुठे अवकाश आणि कुठे काउंटी क्लेअर" असं वाटेल, पण जरा धीर धरा.

शॅनन हे गाव नदीकाठच्या दलदलीच्या जागेवर बांधलेल्या विमानतळामुळे जन्माला आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पंख्यांची विमानं न्यूयॉर्कहून निघाली की अटलांटिक ओलांडताना त्यांचं इंधन संपत यायचं आणि पहिला मोठा किनारा लागायचा तो आयर्लंडचा. म्हणून थांबा शॅननला. १९४५ मध्ये अटलांटिकपारची नियमित प्रवासी विमानं इथे उतरायला लागली. थांबलेल्या प्रवाशाला खाऊ घालायचं, काहीतरी विकायचं, हाच धंदा. ब्रेंडन ओ'रेगन नावाच्या, याच काउंटीतल्या माणसाच्या डोक्यातून इथलं करमुक्त दुकान निघालं. त्यासाठीचा कायदा १९४७ चा. आज दुबई-दोहाला आपण जे चकचकीत ड्यूटी फ्री बघतो, त्याचं मूळ इथलं.

आणि मग इंजिन बदललं. १९५८ मध्ये बोइंग ७०७ जेट अटलांटिक ओलांडायला लागलं. त्याला शॅननला थांबायची गरजच नव्हती. म्हणजे ज्या एका कारणासाठी हे सगळं उभं राहिलं ते कारणच संपलं.

मालिकेत हे दोनदा घडतं. एकदा सॉलोमन एप्स्टाइन नावाचा मंगळावरचा माणूस इंजिनात सुधारणा करतो, तो स्वतः त्या चाचणीत मरतो, पण ते इंजिन हाती आल्यामुळे मंगळाला पृथ्वीपासून स्वातंत्र्य मिळवता येतं आणि माणूस बेल्टपर्यंत, त्याच्याही पुढे पोचतो. दुसऱ्यांदा, 'रिंग' उघडते आणि तिच्यातून हजारावर नव्या ग्रहांचा रस्ता मोकळा होतो. नव्या जगात फुकट हवा आणि फुकट पाणी असेल, तर मंगळावर शंभर वर्षं खपून हवा तयार कोण करणार? लोक मंगळ सोडून जायला लागतात. पाचव्या सीझनमध्ये त्या शहरांवर आलेली अवकळा बघा. काम उरलेलं नाही, स्वप्न उरलेलं नाही, आणि लष्करातले अधिकारीच शस्त्रं बाहेर विकतात. ती शस्त्रं मार्कोच्या हाती लागतात. पुढचा सगळा संहार तिथून सुरू होतो. लेखकांनी मार्कोला आकाशातून टाकलेला नाही. एका गावाचा उद्योग बसला की त्या गावाचं काय होतं, हे त्यांनी नीट दाखवलंय. आपल्यापैकी जे गिरणगावाच्या आसपास वाढले त्यांना १९८२ च्या संपानंतरचं लालबाग-परळ आठवेल.

शॅननचं नशीब असं की जेट येताना दिसत असतानाच काही माणसांनी हातपाय हलवले. १९५९ मध्ये 'शॅनन फ्री एअरपोर्ट डेव्हलपमेंट कंपनी' स्थापन झाली. विमान थांबत नसेल तर कारखाने थांबवू, असा विचार. विमानतळाला लागून करसवलतीचं क्षेत्र आखलं, कच्चा माल विमानाने आणा, इथे वस्तू बनवा, विमानाने पाठवा. कामगारांसाठी मग नवं गाव वसवलं. मी राहतो ते हेच. १९७५ मध्ये इथेच टोनी रायन यांच्या पुढाकाराने विमानं भाड्याने देणारी गिनेस पीट एव्हिएशन ही कंपनी निघाली. ती पुढे गटांगळ्या खाल्ली, पण तो धंदा आयर्लंडमध्ये मुरला. १९८६ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन इथेच उरकायची सोय झाली, २००९ पासून कस्टम्ससुद्धा. दरवेळी वाट बदलली की या गावाने स्वतःचं नवं काम शोधलं.

पण हे गाव पूर्ण स्वतःच्या पायावर उभं आहे असं समजू नका. अमेरिकेची विमानं शॅननला थांबलीच पाहिजेत, ही सक्ती दशकानुदशकं होती. ती १९९० नंतर ढिली झाली आणि २००८ च्या 'ओपन स्काइज' कराराने संपली. तो निर्णय ब्रसेल्स आणि वॉशिंग्टनमध्ये झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, एअर लिंगसने शॅनन-हीथ्रो सेवा बंद करून तिच्या हीथ्रोतल्या वेळा बेलफास्टला वळवायचं जाहीर केलं. कंपनीचं खासगीकरण वर्षभरापूर्वी झालेलं. सरकारकडे चतुर्थांश हिस्सा होता, तरी सरकारने हस्तक्षेप केला नाही. लिमरिक-क्लेअरमध्ये हाहाकार उडाला, कारण हीथ्रो म्हणजे इथल्या कारखान्यांसाठी जगाचं दार. २००९ मध्ये सेवा परत सुरू झाली, पण धडा मिळायचा तो मिळाला. धावपट्टी तुमच्या गावात असते, तिच्यावर काय उतरायचं हे गाव ठरवत नाही.

अजून एक उदाहरण. आयर्लंड तटस्थ देश आहे. तरी २००१ नंतरच्या युद्धांत अमेरिकेचे लाखो सैनिक शॅननमार्गे गेले. त्याविरुद्ध निदर्शनं झाली, फेब्रुवारी २००३ मध्ये काही निदर्शकांनी इथे उभ्या असलेल्या अमेरिकन नौदलाच्या विमानाची मोडतोडही केली, आणि २००६ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. त्यात बरोबर कोण, यावर इथल्या एकाच घरात दोन मतं सापडतात, कारण त्या विमानांच्या इंधनावर आणि सेवेवर काहींच्या नोकऱ्याही आहेत. सेरेसवरचा पोलीस मिलर आठवा. स्वतः बेल्टर, पगार पृथ्वीच्या कंपनीचा, आणि भाऊबंद त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघतात.

बेल्टर लोकांच्या भाषेत अशा माणसाला एक शिवी आहे: 'वेलवाला'. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ही भाषा मालिकेसाठी तयार केली. त्यातला 'वाला' आपल्या ओळखीचाच आहे, दूधवाला-पेपरवाला मधला. वेल म्हणजे गुरुत्वाकर्षणाची विहीर, अर्थात ग्रह. वेलवाला म्हणजे ग्रहवाल्यांची चाकरी करणारा, फितूर. हा शब्द ऐकला की मी जरा सावरून बसतो. आपण परदेशातले मराठी प्रोफेशनल नक्की कोण? व्हिसाच्या रांगेत, परमिटच्या नूतनीकरणात आपण स्वतःला बेल्टर समजतो. नेओमीला जसं ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणात उभं राहायला औषधं घ्यावी लागतात आणि तरी शेवटी जहाजावर परतावं लागतं, तशी आपली मुलं मे महिन्यात गावी गेली की आठ दिवसांत आजारी पडतात, हे सगळं खरं. पण ज्या व्यवस्थेत आपण काम करतो ती व्यवस्था आपल्याच मुलखात कशी पोचली, तेही बघायला हवं. तिथे आपण बेल्टर नसतो.

शॅननची कल्पना जगभर गेली. १९८० मध्ये चीनचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जियांग झेमिन इथे पाहणीला येऊन गेले, आणि त्याच वर्षी शेन्झेनच्या विशेष आर्थिक क्षेत्राची सुरुवात झाली. भारतात कांडला १९६५ मध्ये सुरू झालं, मुंबईत अंधेरीला सीप्झ १९७३ मध्ये. आपल्यातल्या कित्येकांची पहिली नोकरी सीप्झमधली! मग २००५ चा सेझ कायदा आला आणि रायगडात पेण, पनवेल, उरण तालुक्यांत 'महामुंबई सेझ' आखला गेला. शॅननचा झोन आहे सुमारे ६०० एकरांचा. रायगडातला आराखडा होता सुमारे दहा हजार हेक्टरचा, म्हणजे पंचवीस हजार एकर, भातशेती आणि गावांसकट. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला जनमत घ्यावं लागलं. पुढे तो प्रकल्प बारगळला. पण हेटवणेचं पाणी बघा. धरण पेणमध्ये, शेतकरी कालव्याची वाट बघतायत, आणि पाणी नळाने नवी मुंबईला जातं. सेरेसच्या चौकातला तो माणूस पेणच्या एसटी स्टँडवर उभा केला तर त्याला भाषणात फारसा बदल करावा लागणार नाही.

मग यावर मार्ग काय? इथे मी मालिकेच्या शेवटाकडे येतो. माझ्या मते तो नीट समजून न घेता लोक "घाईघाईत गुंडाळला" म्हणतात.

मार्कोचा मार्ग म्हणजे पृथ्वीवर दगड फेकणं. त्यात लाखो निरपराध मरतात आणि बेल्टला पाण्याचा थेंबही जास्त मिळत नाही. उलट सेरेस सोडताना तो तिथला सगळा साठा घेऊन जातो, आपल्याच लोकांना उपाशी ठेवून. तेव्हा ज्यांना वाटतं की मालिका त्याची बाजू घेते, त्यांनी सहावा सीझन परत पाहावा. त्याची तक्रार खरी आहे, त्याचा मार्ग खोटा आहे. पण तेवढ्याने तक्रार संपत नाही, हे अवसरलाला शेवटी कळतं. म्हणून रिंगमधून होणाऱ्या वाहतुकीचा कारभार एका ट्रान्सपोर्ट युनियनकडे सोपवायचं ठरतं. पृथ्वी-मंगळ अध्यक्षपद होल्डनला देतात, कारण तो पृथ्वीवरचा, "आपला" आणि सोयीचा. होल्डन शपथ घेतो आणि लगेच राजीनामा देऊन ते पद बेल्टच्या कमीना ड्रमरकडे देतो. बेल्टला पैशांची मदत मिळत नाही, रस्त्याचा ताबा मिळतो. ज्यांच्या अंगणातून रस्ता जातो, त्यांचा त्या रस्त्यावर हक्क.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात असताना उरण तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. त्या लढ्यातून एक तत्त्व निघालं: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. म्हणजे नुसती भरपाई देऊन वाटेला लावायचं नाही, जे उभं राहील त्यात वाटा द्यायचा. अंमलबजावणीत दलाल घुसले, कित्येकांचे भूखंड हातोहात गेले, हे मान्य. पण तत्त्व पक्कं आहे आणि माझ्या मते ते ट्रान्सपोर्ट युनियनइतकंच मोठं आहे. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून हजारो लोक रस्त्यावर आले, ते नुसत्या पाटीसाठी नव्हतं. हा विमानतळ आमच्या जमिनीवर उभा आहे, याची नोंद राहावी म्हणून होतं.

त्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. आता आपण सगळे तिथे उतरणार, टॅक्सी करून पुण्याला-ठाण्याला जाणार आणि "काय मस्त एअरपोर्ट केलाय" म्हणणार. म्हणावं. पण कोकणात पुढचं बंदर, पुढचा झोन जाहीर झाला आणि आपल्या गप्पांत "विकासाला विरोध करणारे" हा शब्दप्रयोग आला, की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ या:

१) तिथलं पाणी कुणाचं आहे, आणि झोन झाल्यावर कुणाला आधी मिळणार?
२) दर आणि निर्णय कुठे ठरणार? त्या टेबलावर तिथला एक तरी माणूस बसणार का?
३) उद्या इंजिन बदललं, वाट दुसरीकडून गेली, तर त्या गावाकडे काय उरणार?

शॅननकडे तिसऱ्या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर आहे, दुसऱ्याचं अर्धंच आहे. पेण-उरणकडे पहिल्याचंही नाही. आपल्यातले बरेच जण अशा प्रकल्पांचे आराखडे, सॉफ्टवेअर, हिशेब करतात. आपला शब्द मीटिंगमध्ये ऐकला जातो, तेव्हा हे प्रश्न आपण विचारले तर त्याला वजन आहे. नाही विचारले, तर 'वेलवाला' म्हणवून घ्यायची तयारी ठेवावी.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. पहिले चार भाग जरा डोक्यावरून जातात, नेटाने पुढे जा. मतभेद असतील तर अवश्य लिहा, विशेषतः रायगडातल्या मंडळींनी. तिथली आजची परिस्थिती त्यांच्याकडूनच कळायला हवी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक शॅननकर

ता. क. : कामगारांच्या हवापाण्याची ही कहाणी वाचवली ती ॲमेझॉनने, आणि मे २०१८ मध्ये तशी घोषणा खुद्द जेफ बेझोस यांनी केली. ड्रमर असती तर काहीतरी कडक बोलली असती.